पातेल्याभोवतीची रेघ

जळगावच्या आमच्या ऑफिसात सर्व्हर सांभाळणारे एक भाऊ आहेत. फाइल टाकायला सर्व्हरवर कुणीही शिरलं, तरी त्याला फक्त स्वतःचं फोल्डर दिसतं. "दुसऱ्याच्या वावरात कशाला शिरायचं?" असं ते चहा पितानाही म्हणतात.

असोद्याच्या मळ्यातल्या भरीत पार्टीत त्यांनी केळीच्या पानासमोर बसलेल्या प्रत्येकाभोवती चुन्याची रेघ मारली, मग स्वतःसकट पातेल्याभोवती. आतूनच लांब पळीने सगळ्यांना भरीत वाढलं. त्यांचं पान मात्र बाहेर राहिलं.

"भाऊ, या जेवायला."

"इथून बाहेर यायची परवानगी कुणालाच नाही."

"मग द्या ना!"

"ती माझ्या पानावर बसूनच देता येते."

वैतागून मी रेघ पुसायला धावलो. उपाशी भाऊ कडाडले, "आधी मागे व्हा! तुम्ही तुमच्या रेघेबाहेर आलात कसे?"