कच्चा टाका

माझ्या आत्याचा हात थरथरायला लागला तेव्हा पाचव्या मजल्यावरच्या मेंदूच्या डॉक्टरांनी दोन शब्दांत निकाल दिला. वय झालं. सत्तरीच्या बाईचं वय झालंय हे सांगायला मेंदूचा डॉक्टर कशाला हवा? ते तर लिफ्टवाल्यालाही दिसतं.

आत्या शिवणकाम करायची, पण नवे कपडे शिवायची नाही. लोकांचे जुने कोट आणि पँटी उसवून पुन्हा बेतायची. रस्त्याकडेच्या एका खोलीत खिडकीशी मशीन, मधोमध कापडं बेतायचं टेबल आणि कोपऱ्यात इस्त्री, एवढाच तिचा संसार. बाजारात तिला उसवणबाई म्हणायचे आणि तिला ते आवडायचं. शिवता कोणालाही येतं, उसवायला अक्कल लागते, असं तिचं म्हणणं. अस्तर सोडवून आत काय आहे ते पाहिल्याशिवाय तिने कधी कोणाच्या कपड्यावर टीप मारली नाही. आतली शिवण पाहून आधीचा शिंपी किती आळशी होता हे ती ओळखायची आणि मग त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची.

अशा बाईला पंचावन्नाव्या वर्षी साखर निघाली, साठीत रक्तदाब, मग गुडघे, मग हृदय. इस्पितळ एकच, पण साखर दुसऱ्या मजल्यावर, गुडघे तळमजल्यावर आणि हृदय चौथ्यावर. अख्खी बाई कुठल्याच मजल्यावर नाही. दोन तास बाकावर बसायचं, मग आत चार मिनिटं. "काय आजी, कसं काय?" म्हणून सुरुवात व्हायची. मी यांची आजी कधी झाले, असं आत्या माझ्या कानात पुटपुटायची. डॉक्टर आपल्या अवयवापुरतं काहीतरी लिहायचे आणि चिठ्ठीच्या तळाशी तीन शब्द असायचे: बाकी चालू ठेवा.

फाईल माझ्याकडे असायची. मी तिची भाची, कचेरीत कागद लावण्यातच माझा जन्म गेला. प्रत्येक चिठ्ठी तारखेनुसार लावलेली, एकही कागद इकडचा तिकडे नाही. नर्सबाई कौतुक करायच्या आणि मी फुशारून जायचे. त्या फाईलची मला आता लाज वाटते, कारण मी ती लावली खूप, वाचली कधीच नाही.

दोन वर्षांपूर्वी आत्याला एकदा घेरी आली. तातडीच्या विभागात एका डॉक्टरने चक्करेची गोळी लिहून दिली आणि तिला बरं वाटलं. काही महिन्यांनी तिचा उजवा अंगठा हलायला लागला. नंतर सुईत दोरा ओवता येईना. एका गिऱ्हाइकाच्या कोटावर टीप वाकडी गेली, तेव्हा तिने ती सगळी उसवली आणि कोट तसाच घडी करून माफी मागून परत दिला. आयुष्यात पहिल्यांदा. चालताना ती पावलं ओढायला लागली आणि चेहरा असा झाला की हसते आहे की रागावली आहे तेच कळेना. तेव्हाच तो वयाचा निकाल लागला, कंपवात असं नाव मिळालं आणि आणखी एक गोळी. या नव्या गोळीने तोंडाला कोरड पडली, आणि एक दिवस तिने मला माझ्या आईच्या नावाने हाक मारली. माझी आई जाऊन नऊ वर्षं झाली होती.

तिचा मुलगा, आमचा दादा, वाईट नाही. पण आईला मशीनशी रोज झटताना त्याला बघवेना. मशीन देऊन टाकू, म्हणाला. रविवारी एक माणूस येऊन घेऊन जाईल असं ठरलं. मीही मान डोलावली. आत्या मात्र शनिवारी दुपारी मला फाईल घेऊन ये म्हणाली.

टेबल रिकामं करून तिने त्यावर गोळ्यांची सगळी पाकिटं मांडली होती. हातात शिंप्याचा खडू. माप घ्यावं तशी ती एकेक पाकीट पुढे ओढत होती आणि विचारत होती, "हिचा मालक कोण?" मी फाईल चाळून सांगायचे आणि ती पाकिटाभोवती वाकडीतिकडी गोल रेघ ओढून मजल्याचा आकडा घालायची. साखरेच्या दोन, दुसरा मजला. पायांच्या सुजेची, रक्तदाबाची आणि रक्त पातळ करायची, चौथा. गुडघ्यांची, तळमजला. कंपवाताची, पाचवा. शेवटी एक बारीक पांढरी गोळी उरली. दिवसातून तीनदा, न चुकता. दुकानात रिकामं पाकीट दाखवलं की नवं मिळायचं.

मी एकेक चिठ्ठी मागे जात राहिले. बाकी चालू ठेवा. बाकी चालू ठेवा. चार डॉक्टर, दोन वर्षं, अक्षरं वेगळी आणि शब्द तेच. थेट तातडीच्या विभागाच्या चतकोर कागदापर्यंत पोहोचले तेव्हा गोळीचं नाव सापडलं. त्यापुढे स्पष्ट लिहिलं होतं, पाच दिवस.

आत्याने तो कागद खिडकीपाशी नेऊन वाचला.

"हा कच्चा टाका होता गं," ती म्हणाली. "बेतापुरता घातलेला. पक्की शिवण झाली की ओढून काढायचा असतो. कोणी काढलाच नाही."

मला रडू आलं, आणि रडण्याहून जास्त राग आला. आधी माझा, मग त्यांचा. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता फेकून दे. ती म्हणाली, टाका कुठून ओढायचा हे ठाऊक नसताना ओढला तर कापड फाटतं. रविवारी मशीन न्यायला आलेल्या माणसाला तिने दारातूनच परत पाठवलं.

सोमवारी आम्ही मजले चढलो. पाचव्यावरचे म्हणाले, मी तर फक्त बाकी चालू लिहिलं होतं. चौथ्यावरचे म्हणाले, जी मी दिली नाही ती मी कशी बंद करणार? तळमजल्यावर तर आम्हाला आतच घेतलं नाही, कारण त्या दिवशी गुडघ्यांचा वार नव्हता. चालू ठेवायला चार जण होते आणि बंद करायला एकही नव्हता. सगळेच चालू, असं आत्या जिन्यात म्हणाली आणि दोन वर्षांत पहिल्यांदा मला ती हसल्यासारखी वाटली.

शेवटी दुसऱ्या मजल्यावरच्या साखरेच्या डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं आणि फाईल पहिल्या पानापासून वाचली. वीस मिनिटं. बाहेर रांग कुरकुरत होती. वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या की याच गोळीने हात थरथरत असणार, आणि मी सुद्धा चार वेळा तेच लिहिलंय. त्यांनी ती गोळी थांबवली, पाचव्या मजल्यावर फोन करून कंपवाताची हळूहळू कमी करायची ठरवली आणि उरलेल्या गोळ्यांचं ज्याच्या त्याला विचारा असं लिहून दिलं. हात सुधारेल, पण पूर्वीसारखा होईल असं वचन देत नाही, म्हणाल्या. हे खरं बोलणं आत्याला फार आवडलं.

चार महिन्यांनी ती मला माझ्या नावाने हाका मारते आणि दोरा तिसऱ्या खेपेला का होईना ओवते. अंगठा अजून मधूनच हलतो. गेलेली दोन वर्षं तिला कोणी परत देणार नाही, आणि ज्या घरात उसवणबाई नाही तिथल्या म्हाताऱ्यांचं काय होत असेल हा विचार मला सुखाने बसू देत नाही.

गेल्या आठवड्यात चौथ्या मजल्यावर पाळी होती. डॉक्टरांनी नाडी पाहिली, कागदावर दोन ओळी लिहिल्या आणि सवयीने खाली तेच तीन शब्द. आत्याने चिठ्ठी वाचली आणि परत टेबलावर ठेवली.

"डॉक्टर, बाकी म्हणजे काय काय, ते लिहा."

"आजी, बाहेर रांग आहे."

"ठाऊक आहे. मी त्याच रांगेतून आले. लिहा तुम्ही, मी बसते."

ते वैतागले, पण लिहायला लागले. तिसऱ्या नावाशी, त्या पायांच्या सुजेच्या गोळीशी, त्यांचा हात थांबला. मालक सापडला म्हणून आम्ही ती निश्चिंतपणे बाजूला ठेवली होती.

"ही मीच दिली होती," ते म्हणाले.

"किती दिवसांसाठी?" आत्याने विचारलं.

त्यांनी फाईल मागितली. पानं उलटत ते पार मागे गेले आणि एका पानावर बोट ठेवलं.

"एक महिना," ते म्हणाले.

आत्याने पर्समधून खडू काढून त्यांच्यापुढे ठेवला. "टाका कुठून ओढायचा, तिथे खूण करा."