अक्काची किडनी आणि टीबीच्या गोळ्या

माझ्या पोटातली चालती किडनी माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची. तिने ती दिल्याला चार वर्षं झाली होती, तेव्हा माझ्या मानेला गाठ आली. जळगावच्या डॉक्टरांनी टीबीचं निदान केलं. गोळ्या लिहून देताना म्हणाले, "सुरू करण्याआधी किडनीच्या डॉक्टरांना विचारा."

ते डॉक्टर धुळ्याला. माझं पिंप्राळ्यात शिलाईचं दुकान, लग्नसराईचं काम हातात. पुढच्या आठवड्यात जाऊ म्हटलं आणि गोळ्या सुरू केल्या. त्या आठवड्याचे तीन आठवडे झाले. पाय सुजले, तेव्हा धुळे गाठलं.

रक्तातलं क्रिएटिनिन वाढलं होतं, म्हणजे किडनीचं काम मंदावलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, "किडनी टिकवायची गोळी घेताय ना?"

"एकदाही चुकवली नाही."

"पण ती रक्तात उरत नाहीये. टीबीच्या औषधातल्या रिफाम्पिसिनने लिव्हरचं काम वाढतं. मग किडनीची गोळी लिव्हर फार लवकर संपवून टाकतं. शरीर आता किडनीला परकं समजायला लागलंय."

"मग टीबीच्या बंद करू?"

"नाही. दोन्ही चालतील. किडनीच्या गोळीचा डोस वाढवू आणि दर आठवड्याला रक्त तपासू."

किडनी वाचवायच्या इंजेक्शनांसाठी पाच दिवस दाखल केलं. धरणगावहून अक्का आली. मी नजर चुकवत होतो.

"आते बठ्ठं सांग," ती म्हणाली. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "किडनी मनी शे. मी ती जावू देवाव नही."

तिची किडनी ती जाऊ देणार नव्हती. मीही ठरवलं. दर सोमवारी पहिल्या बसने धुळे. सकाळची गोळी खिशात. तपासणीला रक्त दिल्यावरच घ्यायची, नाहीतर मोजमाप चुकतं. डोस वाढत वाढत तिप्पट झाला. लग्नसराई भरात आली नि सरली, मी एक सोमवार सोडला नाही.

टीबीचा कोर्स संपला तेव्हा वाटलं, सुटलो. डॉक्टर म्हणाले, "आता उलटा धोका. लिव्हर पूर्वीसारखं होईल आणि हाच डोस जास्त ठरेल." त्यांनी तो थोडा कमी केला. तरी दहाव्या दिवशी हात असे थरथरायला लागले की सुईत दोरा जाईना. सोमवारची वाट न पाहता दुकान बंद केलं आणि बस धरली. रक्तात औषध जास्त निघालं. डोस आणखी उतरवला. आठवड्याभरात हात स्थिरावले.

क्रिएटिनिन अगदी पहिल्याएवढं खाली आलं नाही, पण किडनी चालू आहे. परवा दाढ दुखली. दातांचे डॉक्टर चिठ्ठी लिहायला लागले, तसा मी म्हणालो, "थांबा, आधी धुळ्याला विचारतो." आणि त्यांच्यासमोरच फोन लावला.