पडद्यावरच्या पाहुणीची खोली

माझ्या बहिणीची, केतकीची, एकच इच्छा आहे: तिच्या आवडत्या भुताच्या सिनेमातली ओल्या केसांची बाई तिच्या व्हिडिओ गेममध्ये यावी. "सिनेमाच्या आणि गेमच्या कंपन्यांचं जमलं की येईलच बघ," ती म्हणते. गेममध्ये तिनं घर बांधलंय आणि त्यातली एक खोली त्या बाईसाठी रिकामी ठेवलीय. गेम बंद करण्यापूर्वी ती न चुकता त्या घराचं दार उघडून ठेवते.

काल दुपारी तिनं तसंच दार उघडलं, गेम बंद केला आणि चहा करायला गेली. टीव्हीच्या काळ्या पडद्यात आमचीच खोली दिसू लागली. सोफा, सोफ्यावर मी, माझ्यामागचा अंधारा पॅसेज. वाटलं, सिनेमा आणि गेममधली भिंत पडावी म्हणून ही एवढी आसुसलीय, पण ती पडल्यावर आपल्या बाजूची भिंत तरी कशाच्या आधारानं उभी राहील? मागे वळून बघायचं मी टाळलं.

केतकी चहा घेऊन आली. घरात आम्ही दोघीच, आणि ट्रेमध्ये कप तीन.

"हा कुणाला गं?"

ती कपाकडे बघतच राहिली. "अगं, ओतला गेला."

तो कप आत न्यायला कुणीच उठलं नाही. थोड्या वेळानं मीच त्यावर बशी झाकली, गार होऊ नये म्हणून.