डावा कल्ला

सहा मार्चला, शनिवारी, ऐन गर्दीच्या वेळी धाकट्याने दादाच्या गल्ल्यातून एकशे चाळीस रुपये काढले आणि गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवले. दोन भाऊ, दोन खुर्च्या, दोन गल्ले अशी त्या केशकर्तनालयाची वडिलांपासूनची पद्धत. एकाने दुसऱ्याच्या गल्ल्याला हात लावायचा नाही. त्या दिवशी धाकट्याने तो लावला.

गिऱ्हाईक नोकरीच्या मुलाखतीला निघालेला तरुण होता; दादाने त्याचे केस कापून पैसेही घेतले होते. उजवा कल्ला कानाच्या मध्यावर सुबक उतरवलेला, डावा तसाच जबड्यापर्यंत.

"दादा, डोळे कुठे गहाण टाकलेस? माणसाला दोन कान असतात!" धाकटा ओरडला.

बाकावरची मंडळी हसली. "निम्मे पैसे परत करा मास्तर," कुणीतरी म्हणालं.

"मास्तर कसले? अर्धे मास्तर म्हणा!" धाकट्याने जोड दिली.

हशा वाढला. दादाही ओशाळून हसला. "नजर चुकली रे. बस पोरा, करून देतो." पण धाकट्याने तरुणाला आपल्या खुर्चीत ओढून घेतलं. तेव्हापासून गल्लीतली शेंबडी पोरंसुद्धा दादाला अर्धे मास्तर म्हणू लागली.

दादा आजकाल दाराच्या डाव्या चौकटीवर खांदा आपटतच आत यायचा. धाकट्याला वाटलं, हा सकाळीच घेऊन येतो. काहीतरी शोधायच्या निमित्ताने त्याने दोनदा जवळ जाऊन दादाच्या तोंडाचा वासही घेतला. वास फक्त दाढीच्या साबणाचा होता. त्यावरही त्याचं समाधान झालं नाही.

खरं तर कळायला हवं होतं ते त्यालाच. सोमवारी दुकान बंद असे आणि भाऊ एकमेकांचे केस कापत. आपलं डोकं परक्या खुर्चीत द्यायचं नाही, हाही वडिलांचाच नियम. म्हणजे दादाचं डोकं वर्षानुवर्षं धाकट्याच्या हातात होतं.

"जरा हळू, आतून ठणकतंय," दादा म्हणायचा.

"रात्रीची उतरली नाही वाटतं," धाकटा म्हणायचा आणि कात्री चालवत राहायचा.

शेवटी वहिनी दुकानात आल्या. "भावजी, हे ताटातलं उजवीकडचं तेवढं जेवतात आणि संपलं म्हणतात. ताट फिरवून ठेवलं की उरलेलंही खातात. मला भीती वाटते हो."

डॉक्टरांनी दादाच्या हातात कंगवा दिला. "जरा भांग पाडा बघू."

"ही कसली परीक्षा डॉक्टर? जन्म गेला यात." दादाने उजवीकडचे केस चापूनचोपून बसवले आणि कंगवा परत केला. डावीकडचे झोपेतून उठल्यासारखे उभेच होते. चेहऱ्यावर मात्र काम चोख केल्याचं समाधान. धाकटा खाली स्वतःच्या चपलांकडे बघत राहिला.

डोळ्यांना काही झालेलं नव्हतं. मेंदूच्या उजव्या भागात गाठ होती, त्यामुळे डावी बाजू दादाच्या लेखी उरलीच नव्हती. गाठ कॅन्सरची निघण्याचीच शक्यता जास्त. ऑपरेशन, मग किरणोपचार, गोळ्या. "आयुष्य थोडं वाढेल," डॉक्टर म्हणाले. "पण ऑपरेशननंतर ते कसे असतील, हे आज सांगता येत नाही. जे बोलायचं ते आधी बोलून घ्या."

ऑपरेशनच्या दिवशी वॉर्डातला माणूस मशीन घेऊन केस काढायला आला. दादाने डोकं मागे घेतलं. "घरचा माणूस आहे." नर्सने कुरकुर करत परवानगी दिली.

धाकटा सगळं ठरवून आला होता. ते नाव मी पाडलं, तोंडाचा वास मी घेतला, माफ कर. मशीन फिरत होतं, केस टॉवेलवर पडत होते. पहिला शब्द ओठांवर आला आणि दादाच बोलला.

"तो मुलाखतीचा पोरगा आला तर माझ्या वतीने माफी माग. अर्ध्या तोंडाने गेला असता बिचारा. तू होतास म्हणून निभावलं."

धाकटा एवढंच म्हणाला, "मान सरळ ठेव."

गाठ कॅन्सरचीच निघाली. किरणोपचार संपेपर्यंत दादा माणसं ओळखेनासा झाला. एका सोमवारी वहिनी त्याला हाताला धरून दुकानात घेऊन आल्या. धाकट्याने त्याला खुर्चीत बसवलं, व्रणाच्या कडेने उगवलेले विरळ केस सारखे केले आणि कात्री खाली ठेवून सगळं सांगितलं. नाव, वास, गल्ला, काही शिल्लक ठेवलं नाही. बाकावर वहिनी ऐकत होत्या, याचीही पर्वा केली नाही.

दादाने आरशात पाहिलं. गिऱ्हाइकाने हसावं तसा तो अदबीने हसला.

"छान कापलेत. किती झाले?"

धाकट्याच्या तोंडून निघून गेलं, "एकशे चाळीस."

दादाने उजवा खिसा चाचपला. "पाकीट घरी राहिलं वाटतं. उद्या आणून देतो हं."

त्यानंतर दादा दुकानात आला नाही. त्याचा गल्ला होता तिथेच आहे. त्यातून घेतलेले एकशे चाळीस रुपये धाकट्याकडून अजून यायचे आहेत.