सिद्धाप्पाच्या डोक्याचा कडता

मिठाच्या सत्याग्रहाच्या आदल्या सालची गोष्ट. सोलापूरच्या आडत बाजारात सिद्धाप्पा तोलाराइतका चोख काटा धरणारा दुसरा नव्हता. पहिल्या वजनाला तोलार 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. आणि सिद्धाप्पाचा 'लाभ' पार चाटी गल्लीपर्यंत ऐकू जायचा. असा हा अठ्ठावीस वर्षांचा उमदा गडी, आणि पटक्याखाली बघावं तर उघडं माळरान! बाविसाव्या वर्षी केस जे गळायला लागले ते थांबायचं नाव घेईनात. पटका सुटायचा तो घरातच, म्हणून ही गोष्ट आत्या दानम्मा आणि न्हावी निंगप्पा यांच्यापलीकडे कुणाला ठाऊक नव्हती.

तोवर सगळं बरं चाललं होतं. पण अक्कलकोटकडच्या गुरम्माशी लग्न ठरलं आणि सिद्धाप्पाची गाळण उडाली. मुलगी बघताना डोक्यावर पटका होता हो, पण लग्नात सुरगी असते. चार कोपऱ्यांना चार तांबे मांडायचे, भोवती सूत गुंडाळायचं, आणि त्या चौकात नवरा-नवरीला शेजारी बसवून बायका न्हाऊ घालतात. आता पटका बांधून कुणी न्हातं का? बघायच्या दिवशी गुरम्मानं मान वर करून सरळ त्याच्याकडे बघितलं होतं आणि हसली होती. त्या हसण्यावर गडी महिनाभर तरंगत होता. टक्कल बघून ती तशीच हसेल की तोंड फिरवेल, एवढाच त्याच्या जिवाला घोर लागला होता.

लग्नाला वीस दिवस उरले. आत्या म्हणाली, माक्याचं तेल लाव. त्रास कसलाच नाही, पण सहा महिने धीर धर. निंगप्पानं कांद्याचा रस चोळायला सांगितला. डोकं चुरचुरतं आणि वास चार घरं ओलांडतो, हेही प्रामाणिकपणे सांगितलं. वैद्यबुवांनी गुंजेचा लेप सुचवला आणि लगेच बजावलं की चुकून पोटात गेला तर आमच्याकडे परत येऊ नकोस, येताच येणार नाही. शेवटी राहिलं बिब्ब्याचं तेल. त्यानं म्हणे आठवड्यात केस फुटतात. मात्र एखाद्याला बिब्बा उततो, म्हणजे फोड येतात आणि अंग सुजतं.

सिद्धाप्पानं धंद्याच्या रीतीनं विचार केला. धान्याच्या वजनातून माती-खड्यांसाठी थोडं कापतात, त्याला कडता म्हणतात. तसा त्यानं प्रत्येक औषधाचा कडता काढला. माक्याच्या कडत्यात लग्नाची तारीख जात होती. कांद्याच्या कडत्यात नवरी जात होती. गुंजेच्या कडत्यात तर अख्खा सिद्धाप्पाच! हे असं तोलण्यात बारा दिवस गेले आणि काटा बिब्ब्याकडे झुकला. उततो तो एखाद्यालाच, आणि तो एखादा मीच कशावरून, असं तो आत्याला छाती काढून म्हणाला.

"आदी दंडावर तिळाएवढं लावून बघ," निंगप्पा म्हणाला. "नमुना बघितल्याबिगर माल घेतोस का तू?"

झालं! नमुना हा शब्द काढला आणि तिथंच घात झाला. नमुना कसा घ्यायचा हे तोलाराला न्हाव्यानं शिकवायचं? पोत्याचा नमुना वरून, मधून आणि खालून असा तीन जागचा घेतात. एका जागचा घेईल तो तोलार कसला! सिद्धाप्पानं कपाळावर, टाळूवर आणि मानेवर एकेक बोट तेल ओढलं आणि बाजारात निघून गेला.

तिसऱ्या दिवशी आरशात भोपळा दिसला. एक डोळा मिटलेला, कान जाडजूड, आणि ओळीनं टपोरे फोड. आत्यानं एका हातानं खोबरं वाटून थापलं आणि दुसऱ्या हातानं कपाळ बडवून घेतलं. लग्नापर्यंत सूज उतरली, पण कातडं असं पोळलं होतं की पटका सोसेना. बिचारा डोक्यावर मऊ उपरणं टाकून मांडवात गेला.

सुरगीला बसवलं तेव्हा एका म्हातारीनं ते उपरणंही ओढून घेतलं. लालबुंद डोकं खोबरेल तेलानं चकाकलं. बायका तोंडाला पदर लावून खिदळायला लागल्या. सिद्धाप्पानं मान खाली घातली. धरणी दुभंगावी असं त्याला वाटत होतं.

मग गुरम्मा हळूच झुकली.

"लई दुखतंय का?"

त्यानं मान डोलावली.

"मला गेल्या साली लई ताप आला हुता, तवा समदे केस गेले," ती पुटपुटली. "ही येणी खोटी हाय. गंगावन हाय. न्हाताना सुटंल म्हनून सकाळधरनं जीव टांगणीला लागलाय माजा." आणि वर डोळ्यांच्या कडेनं त्याच्या टाळूकडे बघून तशीच, अगदी बघायच्या दिवशी हसली होती तशीच हसली. "लांब हाय चांगलं. अर्धं तुमी घ्या की."

सिद्धाप्पाला हसू फुटलं ते आवरेना. पोळलेलं कातडं ताणलं, डोळ्यांत पाणी आलं, तरी तो हसतच राहिला. एवढ्यात म्हातारीनं दोघांच्या डोक्यांवर पहिला तांब्या ओतला. गुरम्माची वेणी सुटून त्याच्या मांडीवर पडली, आणि सिद्धाप्पा सवयीनं, पोटातून, सगळा मांडव दणाणेल असा ओरडला,

"लाभ!"