एम.ए.साठी दाखवण्याचा कार्यक्रम

मानसशास्त्रात एम.ए. करायचं तर बी.ए.ला तोच विषय हवा, निदान सेकंड क्लास हवा आणि विभागात मुलाखत द्यावी लागे. विषय आणि क्लास माझ्याकडे होते. मुलाखतीची मला काळजी नव्हती. परक्या माणसांपुढे बसून उत्तरं द्यायचा सराव त्या वर्षी भरपूर झाला होता.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. पुण्यात मामांकडे राहून मी बी.ए. झाले आणि खुटबावला घरी आले, तेव्हापासून मला बघायला पाहुणे येत होते. शिरूरचे येऊन गेले, दौंडचे येऊन गेले. पोहे खाऊन सगळे "कळवतो" म्हणत. कळवतो म्हणजे नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. वरवंडच्या पाहुण्यांनी मात्र खरोखरच कळवलं, आणि तेही होकार. मुलगा वाईट नव्हता, पण मला शिकायचं होतं. मी रडून घर डोक्यावर घेतलं, तेव्हा आबा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "कालेजानं घेतलं तर शीक. न्हाई घेतलं तर वरवंड. मंग रडायचं न्हाई."

मुलाखतीला तेही आले, धुतलेलं धोतर नेसून आणि नवी टोपी घालून. विभागाबाहेर बाकावर बसताना त्यांनी शिपायाला विचारलं, "मानसं कशी हायती?" शिपाई म्हणाला, "बरी आहेत."

आत विभागप्रमुख सर आणि दोन बाई होत्या. मी खांद्यावरून पदर घेतला आणि खाली मान घालून बसले. नाव विचारलं, ते सांगितलं. हाच विषय का, असं विचारल्यावर "आवडतो" म्हणाले. विचारलं तेवढंच बोलायचं, ही आईची शिकवण. "बरं, या तुम्ही," सर म्हणाले. मी उठले, तिघांच्या पाया पडले आणि सवयीनं आतल्या दारानं आत गेले.

आत प्रयोगशाळा होती. पिंजऱ्यात पांढरे उंदीर होते. तिथूनही बाहेर जायला वाट असल्यानं त्या तिघांना काही वावगं वाटलं नसावं. मी दाराआड उभी राहिले. घरी पाहुणे काय बोलतात याचा कानोसा आम्ही दाराआडूनच घेत असू.

"मार्क चांगले आहेत," सर म्हणाले, "पण ही मान वर करत नाही. पेशंटशी काय बोलणार?"

"कळवतो म्हणून सांगू," एक बाई म्हणाल्या.

माझं डोकंच फिरलं. आजवर हा शब्द ऐकला की मी निमूट कपबश्या विसळायला घेत असे. त्या दिवशी दार उघडून बाहेर आले.

"तुम्ही मला विषयातलं काहीच विचारलं नाही," मी म्हणाले. "आता विचारा."

आवाज एवढा चढला होता की आत उंदरांची पळापळ झाली. बाईंनी स्मृतीवर विचारलं, मग विस्मरणावर. मी मान वर करून सांगत सुटले. शेवटी सर म्हणाले, "सोमवारी फी भरा."

आबा बाकावरून उठले. "कळवतो म्हनले?"

"न्हाई आबा. जागेवर हो म्हनले."

ते परत खाली बसले. आपल्या पोरीला कुणी जागेवर हो म्हटल्याचं ते पहिल्यांदाच ऐकत होते. मला आनंद झाला, आणि त्यांचा चेहरा बघून रडूही आलं.

परतीची पॅसेंजर यवतला आली. तेव्हा मी विचारलं, "वरवंडकरांना काय सांगायचं?"

आबांनी टोपी सारखी केली.

"कळवतो म्हनू," ते म्हणाले.