घाणेवाले मामा आणि बाबांची टाच

माणसाचा चेहरा खोटं बोलतो, हातही थोडंफार खोटं बोलतात, पण टाच कधीच खोटं बोलत नाही, अशा श्रद्धेवर उभं आयुष्य काढणारा एकच माणूस मी पाहिला आहे. ते म्हणजे आमच्या वरवट बकालचे घाणेवाले मामा. ते माझे सख्खे मामा नव्हेत. माझी आई त्यांना राखी बांधते, एवढंच नातं. पण ते नातं त्यांनी रक्ताच्या नात्याहून कडकपणे पाळलं. गावाच्या टोकाला त्यांचा तेलघाणा आहे. पूर्वी तो बैलावर चालायचा, आता विजेच्या मोटारीवर फिरतो. तीळ, शेंगदाणा, करडई आणि जवस यांचं तेल ते काढतात. दारात माणूस आला की बाकीचे लोक त्याच्या तोंडाकडे पाहतात, मामा खाली पाहतात. उन्हाळ्यात आमच्याकडे सगळेच डोक्यातोंडाला दुपट्टा गुंडाळून फिरतात, बाप लेकाला ओळखत नाही. मामांना त्याची अडचण कधीच आली नाही. "ये बे गजानन, यंदा टाच बरी दिसते तुही," असं म्हणून ते मोकळे व्हायचे.

त्यांचं शास्त्र साधं होतं. "कातडी म्हंजे अंगाचं भिताड," ते सांगायचे. "भिताडाले आतून लिंपण नसलं तं वरून कितीबी रंग मारा, पोपडे पडतेतच." म्हणून क्रीम लावणाऱ्यांवर त्यांचा राग नव्हता, दया होती. ज्याची कातडी कोरडी, त्याच्या घरी भाजीत तेल नाही किंवा आहे ते तळण्यात जळतं, हे त्यांनी टाच पाहून ठरवलेलं असायचं. उपायही ठरलेला. भाजलेल्या जवसाची चटणी, तीही बारीक कुटलेली, कारण अख्खा जवस जसा जातो तसाच बाहेर पडतो. आणि तिच्यावर चमचाभर कच्चं तेल.

एकदा त्यांच्या पुतणीला पाहायला शेगावकडून पाहुणे आले. मुलगा शिकलेला, पायात मोजे. पोहे झाले, चहा झाला, आणि मामा गंभीरपणे म्हणाले, "नवरदेवाले म्हना, मोजे काढ." मुलाचे काका भडकले. "आमी पोरगी पाहाले आलो अन् तुमी आमच्या पोराचे खूर पाहून राह्यले?" मामा शांत. "खूर पाहूनच जनावर घेतेत. मंग मानूस काऊन नाई?"  शेवटी मुलानेच खाली वाकून मोजे काढले. मामांनी नीट पाहिलं आणि निकाल दिला, "टाचा कोरड्या हायेत, पन पोरगा ऐकते. देऊन टाका." ते लग्न झालं, आणि चांगलं चाललं आहे.

धंदा मात्र त्यांना कधी जमला नाही. अलीकडे शहरातल्या लोकांना लाकडी घाण्याच्या तेलाचं वेड लागलं. एक गाडीवाले गृहस्थ जवसाचं पाच लिटर तेल मागायला आले, तर मामांनी विचारलं, "तेलानं आंघोळ करता का?" मग त्यांच्या हातात तपकिरी रंगाची एक लहान बाटली ठेवली. "हे तेल दुधासारखं असते, नासते. आठ दिवसाचं न्या, अंधारात ठेवा, अन् चुलीले दाखवू नका." शेजारच्या घरी एकदा जवसाच्या तेलात भजी तळली. त्या वासावरून मामांना ते कळलं, आणि पोळ्यापर्यंत ते त्या घराशी बोलले नाहीत.

मी खामगावला बी.एस्सी.ला होतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. दुसऱ्या वर्षाला जीवरसायनशास्त्राच्या पुस्तकात आवश्यक स्निग्धाम्लांचं प्रकरण आलं आणि मी सुट्टीत ते पुस्तक घेऊन थेट घाण्यावर गेलो. मामांना समजावून सांगितलं, की शरीर बहुतेक चरबी स्वतः तयार करतं, पण दोन आम्लं त्याला तयार करता येत नाहीत. लिनोलेइक करडईत आणि तिळात भरपूर असतं, अल्फा-लिनोलेनिक जवसात. ती अन्नातूनच यावी लागतात. त्यांच्यावाचून कातडीतलं पाणी टिकत नाही, ती कोरडी पडते, खवले धरते. हृदयाला आणि मेंदूलाही ती लागतात.

मामांनी घाणा बंद केला. "म्हंजे अंगाले थे बनवताच येत नाई?"

"नाही येत."

"अन् जवसाचं नाव हाये पुस्तकात? दाखव."

मी इंग्रजी शब्दावर बोट ठेवलं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, तरी त्यांनीही त्या शब्दावर आपलं बोट ठेवलं. तेलाचा तो डाग अजून त्या पानावर आहे. दुसऱ्या दिवसापासून ते गिऱ्हाइकाला सांगू लागले, "खामगावच्या कॉलेजात शिकवतेत हे, माह्या भाच्याले इचारा." मला कोणी विचारलं की मी मान डोलवायचो. शिक्षणाचा गावाला उपयोग होतो आहे, या आनंदात मी होतो.

माझे बाबा टेलर आहेत. पायाने चालवायचं मशीन, आणि शाळा उघडण्याआधीचा महिना त्यांच्या वर्षाचा कणा. त्या वर्षी त्यांच्या उजव्या टाचेला मोठी भेग पडली. मामांनी चटणी दिली, तेल दिलं. "दाजी, दोन महिन्यांत भरते." दोन महिन्यांत भेग भरली नाही. आई म्हणाली, दवाखान्यात दाखवा. मी म्हणालो, "वेळ लागतो आई, कातडी आतून तयार व्हावी लागते." हे वाक्य मी बोललो होतो. मला ते विसरता येत नाही.

जूनच्या सुरुवातीला मामा सदऱ्याचं माप द्यायला दुकानात आले. बाबा गणवेशांच्या ढिगात बसून मशीन चालवत होते. मामा नेहमीप्रमाणे जमिनीवर बसले, आणि मशीनच्या पायट्यावर वर-खाली होणारी ती टाच त्यांना जवळून दिसली. त्यांनी मशीन थांबवलं. पाय मांडीवर घेतला आणि भेगेच्या कडेला अंगठ्याने दाबलं.

"दुखते का, दाजी?"

"नाई."

"आता?"

"अरे, दुखत नाई म्हनून तं काम चालू हाये! तुमच्या तेलानं येवढं तं केलं, साळेबुवा."

बाबा हसले. मामा हसले नाहीत. "दुखाले पायजे," ते म्हणाले. "येवढी भेग, अन् दुखत नाई? हे माह्या तेलाचं काम नाई."

घाण्यात तीळ अर्धवट पडले होते, ते तसेच टाकून त्यांनी बाबांना मोटरसायकलवर बसवलं आणि खामगावला दवाखान्यात नेलं; मी मागोमाग एसटीने पोचलो. बाबांची साखर खूप वाढलेली होती. पायाची जाणीव गेली होती, म्हणून जखम आत सरकत असूनही कळत नव्हती. डॉक्टरांनी जखम साफ केली, औषधं सुरू केली आणि सांगितलं की आणखी थोडे दिवस गेले असते तर पाय वाचवणं अवघड झालं असतं. आता तो पाय अजिबात टेकवायचा नाही, मशीन तर नाहीच. दवाखान्यातून निघताना मामा बाबांना एवढंच म्हणाले, "मी रोज टाचा पाहतो अन् तुमचीच उशिरा पाह्यली." बाबा म्हणाले, "पाह्यली तं तुमीच."  

गणवेश तसेच पडून होते. दुसऱ्या दिवशी दुपारी मामा घाणा बंद करून आले, मशीनच्या उजव्या बाजूला स्टुलावर बसले आणि हाताने चाक फिरवू लागले. बाबा पाय उशीवर ठेवून कापड सरकवायचे. "हळू, साळेबुवा, शिवण चालली मलकापूरले!" "बैल गेला घाण्याचा, आता मीच हावो. धरा कापड सरळ." असं करत, वाकड्या-तिकड्या शिवणी उसवत, त्यांनी शाळेचं सगळं काम पुरं केलं. त्यानंतरही मामा रोज दुपारी चाक फिरवायला येत राहिले.

मामा जवसाची चटणी आजही देतात, पण आधी विचारतात, "शुगर तपासली का?" आणि पुस्तकाचं नाव घेत नाहीत. गिऱ्हाइकं कमी झाली आहेत. त्यांचा तो जुना, मोठ्या आवाजातला ठामपणा कधी कधी मला ऐकावासा वाटतो; तो जाण्यात माझाही हात आहे.

बाबांची जखम दिवाळीपर्यंत पूर्ण भरली. मऊ बूट घालून मशीन चालवायला डॉक्टरांनी परवानगी दिली. मी आनंदाने मामांना सांगायला निघालो, तर बाबांनी मला दारात थांबवलं. "राहू दे," ते म्हणाले. "थे रोज येतेत तं येऊ दे."

मी परत आत आलो. दुपारी मामा आले, स्टूल ओढून बसले आणि चाक फिरवू लागले. बाबांनी दोन्ही पाय मशीनखालून बाजूला घेतले आणि कापड पुढे सरकवलं.